न दुखणारा चट्टा

होस्टेलवर, टपरीवर, मोबाईलवर एक खेळ चालतो. पाच इंद्रियांपैकी एक कायमचं सोडायचं झालं तर कुठलं सोडशील? बहुतेक पोरं पहिल्या झटक्यात नाक देऊन टाकतात. डोळ्याला कुणी हात लावू देत नाही. कानावर जरा घासाघीस होते. २०२० साली कोरोनात कित्येकांचा वास गेला, चहा गरम पाण्यासारखा लागायला लागला, तेव्हा नाकवाले थोडे गप्प झाले. स्पर्श सोडतो असं मात्र कुणी म्हणत नाही. तो सोडता येतो हेच डोक्यात येत नाही. कातडी अंगाला चिकटलेली आहे, ती कुठं जाते!

खेळ भरल्या पोटाचा आहे. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे आपल्या हातात आहे असं ज्यांना वाटतं, त्यांचा आहे. आमच्या गोदीत ओझ्याखाली वाकलेल्या माणसाला असं कुणी विचारत नाही. त्याचं जे जायचं ते न विचारता जातं.

नाक स्वस्त म्हणता? गटारात उतरणाऱ्याला विचारा. आत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू असतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास मारतो. जास्त झाला की तो आधी नाकच मारतो. वास येईनासा होतो. उतरलेल्याला वाटतं, हवा बरी झाली. आणि तिथंच माणूस आडवा होतो. माणसाच्या हातानं मैला काढून घ्यायला १९९३ साली बंदी आली. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात, टाकीत माणूस उतरवायला २०१३ साली बंदी आली. माणसं अजून उतरतात आणि अजून मरतात. कुणाची माणसं, हे या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. तुम्ही खेळात जे इंद्रिय फुकट देऊन टाकलं, त्याच्यावर कुणाचा तरी जीव टांगलेला असतो.

सरकारनंही इंद्रियांचा भाव बांधला. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला एक तक्ता जोडला होता. नजर गेली, कमाईची ताकद शंभर टक्के गेली. ठार बहिरा झाला, शंभर टक्के. दुसरा डोळा शाबूत असताना एक गेला, चाळीस टक्के. अंगठा तुटला, तीस. बोटं तुटली तर पेरापेराचा हिशेब. पण बोटं जागेवर आहेत आणि त्यांना काही कळतच नाही, असा रकाना त्या तक्त्यात नाही. वासाचा नाही, चवीचा नाही. ज्याच्यावाचून मालकाचं काम अडतं त्याला भाव. बाकी सगळं तुमचं खासगी दुःख.

हे सगळं आज काढायचं कारण असं की महाराष्ट्रात दोन जिल्हे आहेत, जिथं स्पर्श खरोखर जातो. गेला हे कळायच्या आत जातो. चंद्रपूर आणि गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ ला एकाचे दोन झाले. जंगल तेच राहिलं, गरिबी तीच राहिली. वाघ बघायला ताडोबात गाड्या येतात, कोळसा न्यायला रेल्वे येते, वीज न्यायला तारा जातात. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं चंद्रपूरला देशातल्या गंभीर प्रदूषित ठिकाणांच्या यादीत टाकलं. आणि राज्यात कुष्ठरोग जिथं जास्त सापडतो त्या पट्ट्यात हे दोन्ही जिल्हे वर्षानुवर्षं आहेत.

हा रोग कसा येतो ते नीट समजून घ्या. अंगावर एक चट्टा उठतो. फिकट, नाहीतर लालसर. खाजत नाही, दुखत नाही. तिथं घाम येत नाही, केस झडतात. टोचलं तर कळत नाही. बाई चुलीवरचं भांडं उतरवते, हात भाजतो, तिला वास आल्यावर कळतं. माणूस पायात काटा घेऊन बांबू तोडतो, संध्याकाळी पायाला रक्त बघतो. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, बोट आखडतं, झिजतं. लोक म्हणतात, हात-पाय सडून गळाले. ते खोटं आहे. वेल्लोरच्या ख्रिस्ती इस्पितळात डॉ. पॉल ब्रँडनं १९४० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढं हेच तपासून दाखवलं. मांस आपोआप गळत नाही. जंतू नस मारतो, नस मेली की दुखणं बंद होतं, आणि दुखणं बंद झालं की माणूस स्वतःच्याच हातानं स्वतःला मोडत जातो. दुखणं हा अंगाचा पहारेकरी आहे. तो मेला की घर उघडं.

डोळ्याचंही तसंच. चेहऱ्याची नस गेली की पापणी मिटत नाही. बुबुळाला कचरा लागलेला कळत नाही. आधी स्पर्श जातो आणि मागून नजर घेऊन जातो. म्हणजे खेळात ज्याला तुम्ही मोजलंच नाही, तो सगळ्यांचा पाया निघाला.

आता सांगा, गावातला माणूस दवाखान्यात कधी जाईल? आशाताई दारात येते, चट्टा दाखव म्हणते. तो म्हणतो, "दुखे ना खुपे, तं दवाखान्यात कायले जाऊ?" त्याचं काय चुकलं? आपण सगळेच दुखल्यावर जातो. त्यात मजुरी बुडते. भामरागडसारख्या ठिकाणी पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच तुटतो. इतका खटाटोप न दुखणाऱ्या गोष्टीसाठी कोण करेल?

आणि औषध तर आहे. नॉर्वेच्या हॅन्सननं १८७३ साली जंतू दाखवला. पाप नाही, शाप नाही, जंतू. १९८० च्या दशकापासून तीन औषधांची एकत्र मात्रा आली. सहा महिने नाहीतर बारा महिने गोळ्या, त्याही फुकट. औषध सुरू झालं की रुग्णापासून दुसऱ्याला लागण व्हायचं लवकरच थांबतं. शंभरातल्या पंच्याण्णव माणसांना तर हा रोग मुळात होतच नाही, अंगातच ताकद असते. नस नुकती दुखावली असेल तर उपचारानं सावरते; उशीर झाला की जंतू मरतो, पण गेलेला स्पर्श परत येत नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशानं कुष्ठरोगाचं दूरीकरण गाठलं. दूरीकरण म्हणजे दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण. कागदावर रोग संपला. जगात दरवर्षी जे नवे रुग्ण सापडतात त्यांतले निम्म्याहून जास्त आजही याच देशात सापडतात, वर्षाला लाखाच्या आसपास. सरासरीत माणूस बुडतो तो असा.

आता दुसरी बाजू. कातडीनं ज्याचा स्पर्श गेला त्याची गोष्ट झाली. ज्यांनी स्पर्श आपणहून सोडला त्यांची गोष्ट तुम्हाला-आम्हाला जन्मापासून पाठ आहे.

खेळातला प्रश्न या देशात हजारो वर्षांपूर्वी विचारून झाला आणि वरच्यांनी उत्तरही देऊन टाकलं. ते म्हणाले, आम्ही स्पर्श सोडतो. सगळ्यांचा नाही, तुमचा. आणि त्या सोडण्याला त्यांनी सोवळं असं नाव दिलं. तेवढ्यावर भागलं नाही. उरलेल्या इंद्रियांचाही बंदोबस्त केला. गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवलं आहे: शूद्रानं मुद्दाम वेद ऐकला तर कानात वितळलेलं कथील आणि लाख ओता, उच्चारला तर जीभ छाटा. कान गेला, जीभ गेली. तिकडं दक्षिणेत तिरुनेलवेलीकडं पुरद वण्णान नावाचे लोक होते, ज्यांनी दिवसा बाहेर पडायचं नाही, कारण ते दिसले तरी विटाळ. बाबासाहेबांनी हे नोंदवून ठेवलं आहे. डोळाही गेला. आणि महाडला तळ्याचं नावच चवदार. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी त्याचं पाणी ओंजळीनं तोंडाला लावलं. मग तळं बाटलं म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दह्याचे १०८ घडे त्यात ओतले. माणसाची ओंजळ चालली नाही, जनावराचं मूत चाललं! चवीचा निकाल त्यांनी असा लावला.

इथं एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. आपले वक्ते भाषणात म्हणतात, जात हा समाजाला जडलेला महारोग आहे. टाळ्या पडतात. बंद करा हे. कुष्ठरोग्यानं तुमचं काय घोडं मारलं आहे? त्यानं रोग निवडला नाही. त्याच्या रोगाला गोळी आहे, जातीला नाही. त्याचा जंतू बारा महिन्यांत मरतो, यांचा बारा पिढ्यांत मरत नाही. आणि शब्द तर बघा. महा अधिक रोग हे आम्हालाही कळतं. पण शाळेत तो शब्द वाचताना मास्तर पहिली तीन अक्षरं म्हणून जरा थांबला की अख्खा वर्ग कुणाकडं वळून बघतो, हे आपल्यातल्या कुणाला ठाऊक नाही?

दोघांना लावलेली दूषणंही एकच. गेल्या जन्मीचं पाप. तू महार का जन्मलास? पाप. तुझी बोटं का झडली? पाप. एकाच कारखान्यात तयार झालेला खुलासा दोन गिऱ्हाइकांना विकला. आणि जागाही एकच दिली: वेशीबाहेर.

वरोऱ्याजवळचं आनंदवन या नजरेनं बघा. मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे. हिंगणघाटचा जमीनदार घरातला ब्राह्मण, वरोऱ्याचा वकील, नगरपालिकेचा उपाध्यक्ष. सफाई कामगारांबरोबर त्यांनी स्वतः मैल्याची टोपली डोक्यावर घेतली. मग एकदा पावसात पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसला आणि हा निधडा माणूस घाबरून पळाला. पळाला, आणि परत फिरला. १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली. गावाबाहेरची खडकाळ ५० एकर जमीन, ६ रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये, अशी सुरुवात सांगितली जाते. झडलेल्या बोटांनी विहीर खणली, शेत केलं. वरोऱ्यात त्यांचं दूध-भाजी कुणी घेईना. मग सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलची परदेशी पोरं येऊन त्यांच्यात राहिली, त्यांच्यासोबत भिंती बांधल्या, जेवली, तेव्हा कुठं गावाची भीड चेपली. म्हणजे गावचा शेजारी बाटवतो आणि परदेशातला पाहुणा शुद्ध करतो! हा आपला समाज.

आम्ही भक्त नाही. आश्रम, संत, सेवा या शब्दांना आम्ही बिचकतो, आणि बिचकायला आम्हाला कारण आहे. पण तिथं कुष्ठरोग्याच्या हातात भिकेचा वाडगा दिला नाही, कुदळ दिली. गोदीत घाम गाळणाऱ्या माणसाला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. तिथं अंध पोरांची शाळा आहे, मूकबधिर पोरांची आहे. एकाला डोळा नाही, एकाला कान नाही, एकाला स्पर्श नाही, आणि त्यांचा मिळून वाद्यवृंद उभा राहतो. कुणी काय सोडायचं हा खेळ तिथं चालत नाही. एकाचं गेलेलं दुसरा भरून काढतो, एवढंच.

पण सवाल आनंदवनाला नाही, गावाला आहे. एवढी मोठी वसाहत उभी करावी लागली ती रोगामुळं नाही. गावानं हाकललं म्हणून. महारवाडा गावकुसाबाहेर होता तो काय आपल्याला हवा खायची हौस होती म्हणून?

जगभर हेच. ज्या रॉबेन बेटावर नेल्सन मंडेलांना कोंडलं, तिथं १९३१ पर्यंत कुष्ठरोगी कोंडले होते. बेट तेच, कुलूप तेच, फक्त माणूस बदलला. जपाननं कायदा करून रुग्णांना वसाहतींत डांबलं आणि औषध आल्यावरही तो कायदा १९९६ पर्यंत ठेवला. त्या माणसांनी कोर्टात खटला लढवला आणि २००१ साली कुमामोतोच्या कोर्टात सरकारला हरवलं. त्याच वसाहतींत आंधळे झालेले काही रुग्ण होते. डोळे गेले म्हणून ब्रेल, पण ब्रेल वाचायला बोटाला स्पर्श नाही. तेव्हा ते जिभेनं वाचायला शिकले. ठिपक्यांवर जीभ घासून, रक्त येईपर्यंत. दोस्तहो, आपण वर्गात झोपा काढतो.

आपल्याकडं १८९८ चा लेपर्स ॲक्ट होता, रस्त्यावरच्या कुष्ठरोग्याला धरून कोंडायचा इंग्रजांचा कायदा. तो पुस्तकातून पुसायला २०१६ साल उजाडलं. कुष्ठरोग आहे म्हणून नवरा-बायकोला घटस्फोट मागायची सोय २०१९ साली गेली. कायद्याचा चट्टासुद्धा न दुखणारा होता, म्हणून इतकी वर्षं कुणी बघितला नाही.

बुद्धानं इंद्रियं पाच नाही, सहा मोजली. डोळा, कान, नाक, जीभ, काया आणि मन. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत या सहा आयतनांतून स्पर्श येतो आणि स्पर्शातून वेदना. पालीत वेदना म्हणजे कुठलीही जाणीव, सुखाची असो की दुःखाची. मराठीत तिचं नुसतं दुखणं झालं. तरी साखळी खरीच आहे: स्पर्श तोडला की वेदना तुटते. ज्यांनी आपला स्पर्श तोडला त्यांना आपली वेदना पोचत नाही याचं नवल करू नका. नस मेलेली आहे. नवल करायचं ते आपल्याबद्दल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर, आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. ज्या मातीत माणसाला सहावं इंद्रिय परत मिळालं, त्याच मातीत आज काय चाललं आहे?

आपल्या वस्त्या बघा. निळा झेंडा, पंचशील, बाबासाहेबांचा फोटो. आणि गल्लीच्या टोकाला एक म्हातारी, हाताला फडकं गुंडाळलेली. तिचा कप वेगळा. नळावर तिचा नंबर सगळ्यात शेवटी. तिच्या पोरीचं लग्न जमत नाही. तिचे उपचार पुरे होऊन वीस वर्षं झालेली असतात, कार्ड तिच्या ट्रंकेत असतं, ते बघायला कुणी मागत नाही. हा कप कुठून आला? आपल्या आज्याला हॉटेलात वेगळा मिळायचा, तोच कप. विटाळ भोगलेल्या माणसाला विटाळ पाळता येत नाही असा कुठं नियम नाही. उलट त्याला सगळी रीत पाठ असते.

आणखी एक बधिरपण आहे, ते नव्या पिढीचं. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी झाली तेव्हा माणसं रस्त्यावर उतरली. आज मोबाईलवर रोज एक नवं गाव येतं. मारहाण, मिशा ठेवल्या म्हणून, घोड्यावर बसला म्हणून, विहिरीवर गेला म्हणून. आपण बघतो, अंगठ्यानं वर सरकवतो, खाली क्रिकेट लागतं. अंगठ्याला काही टोचत नाही. गोदीत आमच्या तळव्याला घट्टे पडतात. घट्टा कामानं पडतो, खालचं कातडं जिवंत असतं, सुट्टी मिळाली की मऊ होतं. चट्टा वेगळा. त्याच्या खालची नस मेलेली असते. आपल्या अंगठ्यावर आहे तो घट्टा की चट्टा, हे ज्यानं त्यानं सुई टोचून बघावं.

तेव्हा तो खेळ पुन्हा कुणी विचारला तर सांगा, आम्ही एकही सोडत नाही. आमच्याकडून आधीच खूप सोडवून घेतलं आहे. उरलेलं आम्ही राखणार आणि गेलेलं मागणार.

आणि काम करा. सरकार दर वर्षी ३० जानेवारीला कुष्ठरोगाचं अभियान काढतं, २०१७ पासून त्याचं नावच स्पर्श आहे. नाव झकास आहे. त्या तारखेची वाट बघत बसू नका. शाखेच्या पुढच्या बैठकीत ठराव, निषेध सगळं झाल्यावर एक विषय घ्या. गल्लीतल्या त्या म्हातारीच्या घरी जायचं, तिच्याच कपातला चहा प्यायचा. तिच्या पायात मऊ रबराची चप्पल आहे का बघायचं, नसेल तर आरोग्य केंद्राकडं मागायची, दिली नाही तर भांडायचं. तिचं कार्ड वाचायचं आणि नळावरच्या लोकांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. आणि आपापले सदरे काढायचे. छाती, हात स्वतःला दिसतात. पाठ दिसत नाही. ती दुसऱ्यानंच बघावी लागते, डोळे मिटायला सांगून, पेनाचं टोक हळूच टेकवून: कुठं लागलं, बोट ठेव.